हट्टी माणसांसाठी केलेला बोर्ड

माझी सगळी नोकरी लोकांना "जास्त ओढू नका" हे सांगण्यात गेली. मी वीज कंपनीच्या उपकेंद्रात ऑपरेटर होतो. कांद्याच्या लागणीच्या दिवसांत सगळ्या शिवाराच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, रोहित्र घुमायला लागायचं आणि मी फोनवर घसा फोडून ओरडत बसायचो की बाबांनो, पाळीनं चालवा, नाहीतर सगळेच अंधारात बसाल. कुणी ऐकायचं नाही. यंत्रावर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर त्याची क्षमता कोरलेली असते. तो आकडा मी आयुष्यभर देवाच्या शब्दासारखा मानला आणि दुसऱ्यांनी मानावा म्हणून भांडलो. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर "आता तरी साहेब लोड येऊन ट्रिप होऊ नयेत" अशी टिंगलही केली होती.

तर अशा माझ्या घरात मुलाचं लग्न होऊन सून आली आणि तिच्या सामानात एक चपटा, जड खोका आला. तो तिनं हमालाला उचलू दिला नाही. साड्यांच्या बॅगा टेम्पोत, आणि खोका मांडीवर. गंगापूर रोडच्या माहेराहून पंचवटीतल्या आमच्या घरापर्यंत ती तो तशीच घेऊन आली. आमच्या हिला वाटलं, देव असतील. माहेरची अन्नपूर्णा किंवा बाळकृष्ण असेल म्हणून हिनं हात धुऊन खोका उघडायला घेतला, तर आतून निघाला मदरबोर्ड.

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मुख्य पट. एवढं मला माहीत होतं. पण आमच्या मुलाच्या कॉम्प्युटरला निदान डबा होता. सुनेचा बोर्ड एका उघड्या चौकटीवर आडवा ठेवलेला, आतड्यासारख्या वायरी बाहेर, वर जाडजूड पंखा. हिनं त्याचं नाव "उघडं" ठेवलं. "तुझं ते उघडं जरा सरकव, ताटं मांडायची आहेत," असं. आणि रात्री झोपायच्या आधी ती त्यावर भरतकामाचा रुमाल टाकायची. सून सकाळी तो रुमाल गुपचूप काढून घडी घालून ठेवायची. दोघींत भांडण झालं नाही कधी, पण बोलणंही फार नव्हतं. दिवसातून दोनदा होणारी ती रुमालाची ये-जा, हाच काय तो संवाद.

मी मात्र त्या बोर्डाभोवती घिरट्या घालायला लागलो. मुलगा पुण्याला नोकरीला, पंधरा दिवसांनी येणारा. सून घरूनच काम करणारी. दुपारी तिचं काम आटोपलं की ती बोर्डापाशी बसायची आणि मी वर्तमानपत्र घेऊन शेजारच्या खुर्चीत.

"काय चालतं गं यावर?" मी एकदा विचारलंच.

"ओव्हरक्लॉकिंग, बाबा. कंपनीनं प्रोसेसरचा जो वेग सांगितलाय, त्याच्या पलीकडे पळवायचा."

"कशासाठी?"

"बघायला. कुठपर्यंत जातो ते."

"मग त्यावर काम काय होतं?"

"काहीच नाही."

"आणि जळला तर?"

"जळतो कधी कधी," ती म्हणाली आणि स्क्रू आवळायला लागली.

मला संताप आला. खरंच आला, खोटं कशाला सांगू. ज्या गोष्टीसाठी मी लोकांची कनेक्शनं तोडली, ती गोष्ट ही मुलगी माझ्या जेवणाच्या टेबलावर हौसेनं करत होती. पण दोन दिवस रागावून झाल्यावर माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. मर्यादा ओलांडणारी माणसं मी हजारांनी पाहिली आहेत, त्यात नवल नाही. नवल त्या बोर्डाचं होतं. तो मुद्दाम अशाच माणसांसाठी बनवलेला होता. कुठल्या तरी कारखान्यात शहाणे इंजिनिअर एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की न ऐकणाऱ्यांसाठी एक खास बोर्ड काढू या. तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांसाठी कुठली कंपनी खास आकडा बनवते का? हे मला काही केल्या उमगेना, म्हणून मी तो बोर्ड समजून घ्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा मला त्यावरची बटणं दिसली. साध्या कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण डब्यावर असतं, इथे बोर्डावरच होतं, बोटाच्या पेरावर मावेल एवढं. त्याच्याशेजारी आणखी एक. त्यावर बारीक अक्षरांत 'रिट्राय' लिहिलेलं.

"हे काय?"

"आपण वेग फार वाढवला की बोर्ड मध्येच अडकतो. मग हे दाबायचं. तेच पुन्हा करून बघ म्हणायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"मग हे." तिनं तिसरं बटण दाखवलं. "हे दाबलं की तो आपण सांगितलेलं सगळं बाजूला ठेवतो आणि साध्या वेगानं सुरू होतो. चूक सुधारायला."

"म्हणजे तुम्ही चुकणार हे कंपनीनं धरूनच चाललेलं आहे?"

"धरूनच," ती हसून म्हणाली. "बाबा, हे बघा, याच्यात सुरुवात करून देणाऱ्या चिपसुद्धा दोन आहेत. एकीतलं बिघडवलं तर दुसरी."

कोपऱ्यात दोन आकड्यांची छोटी लाल पाटी होती. बोर्ड सुरू होताना तिच्यावर आकडे भराभर पळायचे. कुठे अडकला तर त्या जागेचा आकडा तिथंच थांबायचा, आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरलेला. आमच्याकडे फीडर, म्हणजे गावाला वीज नेणारी लाइन, बंद पडला की लाइनमन मोटरसायकलवर खांब न् खांब बघत फिरायचा. इथे बोर्ड स्वतःच सांगत होता की माझं इथं दुखतंय. मला हेवा वाटला. एका कडेला बारीक खटके होते, ते पाडले की मेमरीच्या पट्ट्या न उपसता एकेक बाजू बंद करता यायची. आणि त्यांच्याच वर, सोन्यासारख्या चकाकणाऱ्या टिकल्यांची एक रांग होती.

"या कशाला?"

"मल्टिमीटर लावायला. प्रोसेसरला खरोखर किती व्होल्ट मिळतायत ते इथे मोजायचं. पडद्यावरचा आकडा थोडा खोटं बोलतो."

मी उठलो, कपाटातून माझा मल्टिमीटर आणला आणि पुढे केला. तिनं बोर्ड चालू केला. मी मीटरच्या दोन काट्या टिकल्यांवर टेकवल्या. आकडा आला एक पूर्णांक दोन आणि पुढे काही. ज्या माणसानं अकरा हजार व्होल्टच्या खाली कधी पाहिलं नाही, तो सव्वा व्होल्ट मोजत होता, आणि त्यातही दशांशानंतरच्या दुसऱ्या आकड्यासाठी श्वास धरून. आमच्याकडे शेपन्नास व्होल्ट इकडेतिकडे झाले तर कुणी मान वर करून बघायचं नाही. हात थरथरतो का, हे मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा तपासलं. थरथरत नव्हता. मला फार बरं वाटलं.

त्या दुपारपासून आमची जोडी जमली. ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "एक वेडं होतं, आता दोन झाली."

बोर्डावर आणखी एक खटका होता, त्याच्यावर 'एलएन-टू' लिहिलेलं. विचारलं तर सून म्हणाली, "द्रवरूप नायट्रोजन. प्रोसेसर जितका थंड, तितका जास्त सोसतो. तो खटका पाडला की बोर्डाला कळतं, आता भयंकर थंडी येणार आहे, घाबरायचं नाही." हे मला लगेच पटलं. एप्रिलमध्ये आम्हीही रोहित्रापुढे मोठाले कूलर लावून बसायचोच. पण हे द्रव आणायचं कुठून, तर सून म्हणाली, तीच अडचण आहे.

आणि मग तिनं मला खरी गोष्ट सांगितली. दसऱ्यानंतरच्या रविवारी एका मोठ्या स्पर्धेची ऑनलाइन फेरी संध्याकाळी बंद होणार होती. ज्यांचे आकडे वरचे, त्यांची नावं यादीत येणार आणि त्यांना अंतिम फेरीला बोलावणार. आदल्या वर्षी माहेरी असताना तिचं नाव थोडक्यात हुकलं होतं.

"यंदा आलं नाही तर बोर्ड विकायचा, असं ठरवलंय मी," ती म्हणाली. "मालेगावचा एक जण घ्यायला तयार आहे."

"का विकायचा?"

"लग्न झालं, बाबा. नोकरी आहे. टेबल अडतं. आईंना आवडत नाही. किती वर्षं खेळायचं?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार नव्हती म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. आपल्या घरात येऊन कुणीतरी आपली आवडती वस्तू विकायचं इतक्या शांतपणे ठरवतं, ही मला आमच्या घराची नामुष्की वाटली.

नायट्रोजनचा प्रश्न मात्र आमच्या हिच्या भावानं सोडवला. त्याचा निफाडकडे मोठा गोठा आहे. गायी फळवायला जी वीर्याच्या कांड्यांची कॅन घेऊन माणूस येतो, त्या कॅनमध्ये धूर निघणारं पाणी असतं, हे मी त्याच्या गोठ्यात अनेकदा पाहिलं होतं. धूर निघणारं ते पाणी म्हणजेच सुनेचं एलएन-टू, हा उलगडा मला अंघोळ करताना झाला आणि मी ओला असतानाच फोन लावला.

"दाजी, जुनी कॅन पडेल हाय माझ्याकडं," मेहुणा म्हणाला. "पण तिचा काय भरवसा नाय. त्यातलं उडून जातंय. दोन दिस राहिलं तरी लय झालं. आन् हात घालू नका हां त्याच्यात, बोट तुटून पडंल. गाय कोणती फळवायची हाय शहरात?"

"गाय नाही, कॉम्प्युटर."

मग तो म्हणाला, "ताईला द्या फोन."

मध्ये दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. पाटावर माझी पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर, हिचं शिवणयंत्र, विळी, मुलाची जुनी पुस्तकं, खाली स्कूटर, सगळ्यांना झेंडूचे हार. त्या वर्षी ही सकाळी बाजारातून झेंडूची पाटी घेऊन आली, हार ओवले आणि ओवता ओवताच, मान वर न करता, सुनेला म्हणाली, "तुझं ते उघडंही आण पाटावर. त्याला का वगळायचं?"

सुनेनं बोर्ड आणला. साफसफाईसाठी मेमरीच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या, पंखाही उतरवला होता. हिनं त्याला हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि सगळ्यांबरोबर त्यावरही अक्षता टाकल्या. सुनेच्या चेहऱ्यावर मला एकदम काळजी आणि आनंद दोन्ही दिसले. काळजी तिनं गिळली. पूजा झाल्यावर तिनं मऊ ब्रशनं कुंकू झटकलं, वेचून वेचून तांदूळ काढले आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "झालं, बाबा. आला तोही घरात."

शनिवारी मी आणि सून गाडी घेऊन अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गेलो आणि तिथल्या गॅसच्या दुकानातून मेहुण्याची कॅन भरून आणली. दुकानदारानं बजावलं होतं की गाडीच्या काचा बंद करायच्या नाहीत. त्यामुळे ऑक्टोबरचं ऊन, धूळ आणि हॉर्न अंगावर घेत आम्ही द्वारका चौकाच्या गर्दीत अडकून उभे. मागच्या सीटवर सून कॅनला मिठी मारून. कॅनच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान आत घालून विचारलं, "काका, कुल्फी हे का?"

"हवा आहे," सून म्हणाली.

"ताई, मस्करी करता राव," तो म्हणाला. पण ती खरंच बोलत होती. आपण श्वास घेतो त्या हवेत सगळ्यात जास्त तेच असतं, हे तिनं त्याला सिग्नल सुटेपर्यंत समजावून सांगितलं आणि त्यानं ते नीट ऐकूनही घेतलं.

रविवारी सकाळपासून तयारी. प्रोसेसरवर पंख्याच्या जागी उभट तांब्याचं भांडं बसलं, त्यात नायट्रोजन ओतायचा. ते भांडं काळवंडलेलं बघून ही चिंच घेऊन पुढे आली होती, तिला कसंबसं थोपवलं. थंडीनं दव धरून बोर्ड ओला होऊ नये म्हणून सुनेनं सगळीकडे पेट्रोलियम जेली चोपडली, वर कागदी रुमालांच्या घड्या कोंबल्या. मग मेमरीच्या दोन पट्ट्या बसवल्या. सगळ्या खिडक्या उघड्या. ही दाराशी मेथी निवडत बसली होती, आम्ही घर जाळतो का हे बघायला. सुनेनं हात जोडले आणि बटण दाबलं.

लाल पाटीवर आकडे पळाले आणि पंचावन्नवर थांबले. सुनेनं रिट्राय दाबलं. पुन्हा पंचावन्न. तिसरं बटण दाबलं, साध्या वेगानं सुरू हो म्हणून. पुन्हा पंचावन्न.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मेमरी सापडत नाही म्हणतोय." तिचा आवाज बदलला होता. "सकाळी चोपडलेली जेली आत गेली असेल. किंवा खाचच गेली. बाबा, दुसरा बोर्ड नाही माझ्याकडे."

कोपऱ्यात कॅनच्या तोंडाशी वाफ निघत होती आणि कॅन अर्ध्यावर आली होती. उद्यापर्यंत थांबायचं म्हटलं तर कॅनही थांबणार नव्हती आणि स्पर्धाही. सुनेनं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. मी इतकी वर्षं बंद पडलेल्या गोष्टींच्या समोर उभा राहिलो आहे, पण इतका घाबरलो नव्हतो. उपकेंद्र बंद पडलं तर गाव शिव्या घालायचं. इथे कुणी शिव्या घालणार नव्हतं. ती नुसती शांतपणे बोर्ड खोक्यात भरणार होती.

"आम्ही लाइनचे तुकडे करून बघायचो," मी म्हणालो. "अर्धी तोडायची. उरलेली चालली तर दोष तोडलेल्या अर्ध्यात. तुझे खटके आहेत ना ते?"

तिनं डोळ्यांवरचे हात काढले. पहिला खटका पाडला, बटण दाबलं. पंचावन्न. तो वर केला, दुसरा पाडला, बटण दाबलं. आकडे पळाले, पळतच राहिले, आणि पडदा उजळला.

"पलीकडची खाच," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तिनं सगळं बंद करून त्या खाचेतली पट्टी उपसली. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि टॉर्च लावून नाक जवळजवळ बोर्डाला टेकवलं. त्या खाचेला पट्टी पकडणारी कडी एकाच टोकाला होती. दुसऱ्या टोकाला, कागदाच्या घडीखाली, तळाशी काहीतरी होतं. लालसर. मी चिमटा मागितला आणि ते बाहेर काढलं.

कुंकू लावलेला तांदळाचा दाणा होता.

पट्टी त्याच्यावर बसली होती आणि त्या टोकाला केसभर वर राहिली होती. एवढंच. खाच शाबूत, बोर्ड शाबूत. मला हसू येत होतं. मी सुनेकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, बोलू नकोस म्हणून. मी तर दाणा खिशात टाकायच्या बेतात होतो. आमच्या हिला कळलं असतं की तिच्या पूजेनं यंत्र अडकलं, तर तिनं ते मनाला लावून घेतलं असतं आणि पुन्हा म्हणून त्या बोर्डाजवळ गेली नसती. कधी नव्हे ती एकदा आली होती.

पण सुनेनं माझ्या चिमट्यातून दाणा घेतला, तळहातावर ठेवला आणि सरळ दाराशी जाऊन हिच्यासमोर बसली.

"आई, तुमची अक्षता. खाचेत राहिली होती."

हिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. चेहरा पांढरा पडला. "माझ्यामुळं बंद पडलं?"

"माझ्याकडून वेचायची राहिली," सून म्हणाली. "पण आई, त्या दिवशी यंत्रावर टाकलीत. माझ्यावर टाकायची राहिली." आणि तिनं मान खाली घातली.

आमची ही सहसा रडत नाही. तेव्हाही रडली नाही. तिनं मेथीचे हात पदराला पुसले, तो एकच दाणा चिमटीत घेतला, सुनेच्या डोक्यावर ठेवला आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "जा. उडून जातंय ते तुझं." मग तिनं मेथी तिथंच टाकली, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच टेबलापाशी येऊन बसली.

पुढचं सगळं मला पांढऱ्या वाफेतून दिसल्यासारखं आठवतं. सून लोटीतून नायट्रोजन ओतते आहे, टेबलावरून धूर वाहून खाली हिच्या पायांवर येतो आहे आणि ही पाय वर घेऊन बसली आहे. माझ्या दोन काट्या टिकल्यांवर आणि मी आकडे पुकारतोय. दीड. दीडच्या वर. आणखी वर. माझं अंग आतून ओरडत होतं की पुरे, ट्रिप कर, जळेल. आणि माझंच तोंड सुनेला आकडे सांगत होतं, आणि आवाजावरून कुणालाही वाटलं असतं की हा म्हातारा आणखी वाढव म्हणतोय. खोटं नाही, मी तसंच म्हणत होतो. त्या एका दुपारी मला सगळ्या शिवाराच्या मोटारी एकदम सुरू करणाऱ्या त्या माणसांचं थोडं कळलं. क्षमतेची पाटी लिहिणाऱ्यानं हात राखूनच लिहिलेलं असतं, आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे बघायचा मोह कुणालाही होतो. शहाण्याला जास्तच होतो.

पडद्यावर एक आकडा आला. तो तिनं पकडला, नोंदवला, आणि पुढच्या श्वासाला सगळं गोठून थांबलं. एवढासा वेळ जगलेला आकडा. आम्ही रोहित्र बसवायचो ते आमच्या निवृत्तीपर्यंत चालावं म्हणून. इथे सगळी खटपट दोन श्वासांसाठी होती. तरी आम्ही तिघंही टाळ्या वाजवत होतो.

यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. निवडीच्या रेषेच्या जरा खाली होतं, आदल्या वर्षीपेक्षा बरंच वर, पण खालीच. सून म्हणाली, "ठरलं होतं ना, बाबा." मी काही तरी समजावायला गेलो तर तिनं हसून विषय बदलला. तिनं बोर्ड पुसला, जेली काढली, जुना खोका शोधला आणि मालेगावच्या माणसाला निरोप धाडला.

तो मोटरसायकलवर आला, उन्हानं तांबडा झालेला, डोक्याला रुमाल. मी आत सुनेबरोबर होतो. ती खोक्याला चिकटपट्टी लावत होती आणि मी उगाच कात्री धरून उभा होतो. बाहेर हिचा आवाज आला.

"कशासाठी आलात?"

"ताईंचा बोर्ड घ्यायचा होता, काकू."

"तो मिळायचा नाही."

"पण ताईंनी सांगितलं होतं..."

"तिला माहीत नाही. लहान आहे. तो बोर्ड पूजेतला आहे. पूजेतलं आमच्याकडे विकत नाहीत. या, बसा, ऊन किती आहे. चहा घ्या."

सून खोका हातात घेऊन तशीच दारात येऊन उभी राहिली. हिनं तिच्याकडे बघितलंही नाही. खोका तिच्या हातातून घेतला, आत आली, चिकटपट्टी नखानं ओढून काढली आणि बोर्ड जेवणाच्या टेबलावर, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला. "पुढच्या दसऱ्याला भोकं बुजवून मग आणायचा पाटावर," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली. सून टेबलाला धरून रडत होती. मालेगावचा माणूस बिचारा खुर्चीच्या कडेवर बसून "काकू, निदान बघू तरी द्या" म्हणत होता.

मुलाच्या लग्नाआधी आमच्याकडे आणखी जुनी एक स्कूटर होती. दर दसऱ्याला तिला हार, हळदीकुंकू, अक्षता, नारळ, सगळं व्हायचं. ती भंगारवाल्याला हिनंच विकली, तासभर घासाघीस करून. सुनेला हे माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन कपबशा काढल्या. ही माझ्याकडे बघत होती आणि मी तोंड उघडलं नाही.